ग्रीन कार्डची मुलाखत: आपलं लग्न खरं आहे हे कसं दाखवायचं?

गेली सहा वर्षं मी अमेरिकेत इमिग्रेशनच्या मुलाखतींना मराठी दुभाषी म्हणून जाते. त्याआधी एकदा अर्जदार म्हणून स्वतः त्या खोलीत बसले आहे. मी वकील नाही आणि या लेखाने वकिलाची जागा घेऊ नये. पण दुभाष्याची खुर्ची टेबलाच्या कडेला असते. तिथून अधिकाऱ्याचा चेहरा दिसतो आणि टेबलाखाली घट्ट आवळलेले जोडप्याचे हातही दिसतात. इतक्या जणांबरोबर बसल्यावर एक गोष्ट सारखी टोचते: लग्न अगदी खरं असतं, संसार नीट चाललेला असतो, पण तयारी मात्र तोंडी परीक्षेची केलेली असते. पाठांतर भरपूर, कागद अर्धवट. ही तयारी उलटी व्हायला हवी म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. उदाहरणांतल्या माणसांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

जोडीदारांपैकी एक अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, दुसरा अमेरिकेतच राहून अर्ज करतो आहे, आय-१३० (जोडीदाराशी असलेल्या नात्यावरचा अर्ज) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) हे फॉर्म भरून झाले आहेत आणि आता यूएससीआयएसच्या, म्हणजे हे अर्ज तपासणाऱ्या अमेरिकन इमिग्रेशन खात्याच्या, स्थानिक ऑफिसात दोघांना बोलावणं आलं आहे, असं मी धरून चालते. जोडीदार परदेशात असेल तर मुलाखत तिथल्या अमेरिकन वकिलातीत होते आणि सहसा त्याची एकट्याचीच होते. पण पुराव्यांबद्दल खाली जे लिहिलं आहे ते तिथेही लागू पडतं.

अधिकाऱ्याला नेमकं काय ठरवायचं असतं?

तुमचं एकमेकांवर किती प्रेम आहे हे मोजायला तो बसलेला नसतो. कायद्याचा प्रश्न एवढाच असतो: लग्न केलं तेव्हा दोघांचा एकत्र आयुष्य काढायचा इरादा होता का, की फक्त इमिग्रेशनचा फायदा मिळवायचा होता? १९७५ सालच्या बार्क खटल्यात फेडरल अपील कोर्टाने हीच कसोटी सांगितली. लग्नानंतर जोडपं वेगळं राहिलं एवढ्यावरून लग्न खोटं ठरत नाही. लग्नानंतरचं वागणं पाहायचं ते लग्नाच्या वेळचा इरादा कळावा म्हणून, असंही त्याच निकालात आहे. म्हणजे तुमची भांडणं होतात, स्वभाव जुळत नाहीत, नोकरीमुळे वर्षभर दोन शहरांत राहावं लागलं, यातलं काहीही आपोआप तुमच्या विरोधात जात नाही.

पुराव्याची जबाबदारी मात्र तुमची असते. फौजदारी खटल्यासारखं शंकेला जागाच उरू नये इतकं सिद्ध करावं लागत नाही. तुमचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त आहे, इतकं दिसलं की पुरतं.

एवढी कसून चौकशी का होते, तर कागदी लग्नं खरंच होतात. १९८६ साली अमेरिकन संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केला. लग्न दोन वर्षांपेक्षा कमी जुनं असेल तर आधी दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं, ते या कायद्यामुळे. जाणूनबुजून खोटं लग्न केल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून जड गोष्ट अशी की, खोट्या लग्नाचा ठपका एकदा बसला की त्या व्यक्तीचा पुढे कुठलाही इमिग्रेशन पिटिशन मंजूर होत नाही, नंतर अगदी खरं लग्न केलं तरी. म्हणून कुणी "पैसे घेऊन कागदावर लग्न करून देतो" म्हणत असेल तर त्याच्या वाटेलाही जाऊ नका. हा लेख खरं लग्न असलेल्यांसाठीच आहे.

पहिली पायरी: संसाराचे कागद गोळा करा

हे काम मुलाखतीचं पत्र आल्यावर सुरू करायचं नसतं. लग्न झालं त्या आठवड्यातच एक फाइल उघडा. पत्र आलं तेव्हा जागे झालात तरी हरकत नाही, पण मग त्याच संध्याकाळी बसा.

आय-१३० च्या सूचनांमध्ये यूएससीआयएस स्वतःच पुराव्यांचे प्रकार सांगते: दोघांच्या नावावरची मालमत्ता, दोघांची नावं असलेलं घरभाड्याचं लीज, एकत्र केलेले आर्थिक व्यवहार, मुलांचे जन्मदाखले, ओळखीच्या लोकांची प्रतिज्ञापत्रं आणि लग्न खरं आहे हे दाखवणारं इतर काहीही. नव्याने लग्न झालेल्यांकडे घर नसतं, मूलही नसतं. त्यांनी घाबरून जाऊ नये. जे नाही ते नाही. भर दोन गोष्टींवर द्या, राहणं आणि पैसा.

राहण्यासाठी लीज. त्यावर दुसऱ्याचं नाव नसेल तर घरमालकाला सांगून ते घालून घ्या किंवा लीजला पुरवणी जोडून घ्या. ते जमलं नाही तर दोघांच्या नावाने त्याच पत्त्यावर आलेली पत्रं चालतात: ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेची पत्रं, विम्याचे कागद, वीज आणि इंटरनेटची बिलं. बिल एकाच्याच नावावर असतं, यात गैर काही नाही. एकाच पत्त्यावर त्याच्या नावाचं विजेचं बिल आणि तिच्या नावाचं फोनचं बिल, असं सलग काही महिने दिसलं की चित्र उभं राहतं.

पैशाच्या बाबतीत जॉइंट अकाउंट सगळेच उघडतात आणि बहुतेकांची चूक इथेच होते. अकाउंट उघडतात, शंभर डॉलर टाकतात आणि विसरून जातात. मग महिन्यामागून महिने तेच शंभर डॉलर दाखवणारी स्टेटमेंट फाइलला लागतात. अधिकारी ती उलटतो आणि बाजूला ठेवतो. ज्या खात्यात पगार येतो, भाडं जातं, किराण्याचं कार्ड घासलं जातं, ते खातं दाखवा. दोघांनी पैसे वेगळेच ठेवायचं ठरवलं असेल तर तसं सांगा आणि भाडं कोण देतं, किराणा कोण भरतं, एकमेकांना पैसे कसे पाठवता, हे दाखवा. फक्त मुलाखतीसाठी संसाराची पद्धत बदलू नका.

टॅक्स रिटर्नकडे बारीक लक्ष द्या. ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं असेल तर टॅक्ससाठी ते पूर्ण वर्ष तुम्ही विवाहित धरले जाता. रिटर्न एकत्र भरा किंवा 'मॅरीड फाइलिंग सेपरेटली' असं वेगळं भरा, दोन्ही चालतं. पण लग्न होऊनही सवयीने 'सिंगल' वर टिक केली असेल तर मुलाखतीत त्याबद्दल विचारलं जाणार हे नक्की. अशी चूक झाली असेल तर टॅक्सवाल्याकडून १०४०-एक्स फॉर्मवर ती आधीच दुरुस्त करून घ्या आणि दुरुस्तीची प्रत बरोबर न्या. आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडून, टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या रिटर्नचा सरकारी उतारा) फुकट मिळतो, तोही लावा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एका मुलाखतीला जोडप्याने तीनशे पानांचा बाइंडर आणला होता. लग्नाचा अल्बम आधी. अधिकाऱ्याने तो भराभर उलटला. मागे कुठेतरी दाताच्या दवाखान्यात बायकोने भरून दिलेल्या फॉर्मची प्रत होती. कधीतरी मागवलेल्या कागदांबरोबर ती आली होती आणि 'राहू दे' म्हणून फाइलला लागली होती. त्यावर 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं' या रकान्यात नवऱ्याचं नाव आणि नंबर होता. अधिकारी तिथे थांबला, अर्जातला नवऱ्याचा नंबर काढला आणि दोन्ही नंबर बोटाने जुळवून पाहिले. काही बोलला नाही, पण त्यानंतरचे त्याचे प्रश्न बरेच सैल झाले.

तो कागद इमिग्रेशनसाठी बनवलेला नव्हता, म्हणून तो बोलला. असे कागद प्रत्येक घरात असतात आणि लोक ते फेकून देतात. नोकरीच्या विम्यात जोडीदाराचं नाव घातल्याचं पत्र, ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती-बचतीच्या खात्यात किंवा आयुर्विम्यात जोडीदार बेनिफिशियरी असल्याची नोंद, गाडीच्या विम्यात दोघं ड्रायव्हर, हॉस्पिटलच्या कागदावर नातेवाईक म्हणून केलेली सही, एकत्र केलेल्या विमानप्रवासाची तिकिटं, मुलाच्या शाळेच्या फॉर्मवरची दोन्ही नावं. घरात एक दिवस ड्रॉवर रिकामे करा. ईमेलमध्ये जोडीदाराचं नाव टाकून शोधा.

फोटो तीसेक पुरे. सगळे लग्नाच्याच दिवसाचे नकोत. वेगवेगळ्या महिन्यांतले, वेगवेगळ्या माणसांबरोबरचे हवेत. प्रत्येकामागे तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहा. चॅट हजारो पानांचं छापू नका. दर महिन्यातलं एखादं पान घ्या, त्यातही 'दूध आणायचं राहिलं' छापाचं असेल तर उत्तम.

प्रतिज्ञापत्रं दोन-तीन, तीही खरोखर येणं-जाणं असलेल्यांची घ्या. त्यात लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, तुमच्याशी नातं आणि तुमच्या लग्नाबद्दल त्याला कसं माहीत आहे, हे हवं. तिघांची पत्रं एकाच मजकुराची नकोत. "हे सुखी जोडपं आहे" या वाक्याचा उपयोग नाही. "माझं ऑपरेशन झालं तेव्हा दोघं आळीपाळीने माझ्याकडे झोपायला येत होते" याचा आहे.

नावांचा घोळ आधीच सोडवा

आपल्याकडच्या बायकांना ही अडचण हमखास येते. पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, मधलं नाव एका कागदावर वडिलांचं तर दुसऱ्यावर नवऱ्याचं, आणि स्पेलिंग तीन प्रकारचं. मधलं नाव लग्नानंतर बदलतं हे अमेरिकन अधिकाऱ्याला माहीत असेलच असं नाही. फॉर्मवर 'वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो. आजवर ज्या ज्या नावाने कागद निघाले ती सगळी नावं तिथे हवीत. राहिली असतील तर मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगून दुरुस्त करून घ्या.

लग्नाचा दाखला सरकारी नोंदणीचा हवा. कार्यालयाची पावती किंवा गुरुजींनी लिहून दिलेला कागद त्याची जागा घेत नाही. आधी लग्न झालं असेल तर, दोघांपैकी कुणाचंही, प्रत्येक आधीच्या लग्नाचा घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला लागतो.

मराठीतल्या प्रत्येक कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतर करणाऱ्याने लिहून सही करायची असते. त्यासाठी नोटरी लागत नाही. भाषांतर स्वतः करू नका, त्रयस्थाकडून घ्या. शिक्क्यातली अक्षरं, कोपऱ्यातली तारीख, हाताने लिहिलेली टीप, सगळं भाषांतरात यायला हवं.

दुसरी पायरी: स्वतःचा अर्ज पुन्हा वाचा

हे जवळजवळ कुणीच करत नाही. अर्ज वकिलाने किंवा मित्राने भरलेला असतो, सही केलेली असते, त्याला कित्येक महिने उलटलेले असतात. अधिकाऱ्यासमोर मात्र तो अर्ज उघडा असतो आणि पूर्वी व्हिसासाठी भरलेले अर्जही तो पाहू शकतो. पर्यटक व्हिसाच्या अर्जात काय लिहिलं होतं, कुठल्या महिन्यात कुठे राहत होतात, नोकरी कधी सोडली, एकमेकांना पहिल्यांदा कधी भेटलात, या तारखांत फरक निघाला की शंका सुरू होते.

दोघांनी एका रात्री बसून एकमेकांचा अर्ज मोठ्याने वाचावा. चूक दिसली तर वेगळ्या कागदावर लिहून ठेवा आणि शपथ झाल्यावर लगेच सांगा: "अर्जात अमुक तारीख चुकली आहे, बरोबर तारीख ही." अधिकाऱ्याने शोधण्याआधी तुम्ही सांगितलेली चूक आणि त्याने शोधून काढलेली चूक यांत फार फरक पडतो. मधल्या काळात घर बदललं असेल तर दहा दिवसांच्या आत एआर-११ भरून पत्ता कळवलेला असायला हवा.

आय-४८५ मध्ये हो-नाहीच्या प्रश्नांची मोठी यादी असते: कधी अटक झाली आहे का, कधी खोटी माहिती दिली आहे का, अमुक संघटनेत होता का. मुलाखतीत हे प्रश्न पुन्हा विचारले जातात. ते नीट समजून घ्या. मी पाहिलेली गडबड इथली असते: प्रश्न न कळता मान डोलावणं. "कधी अटक झाली आहे का?" या प्रश्नाला मान डोलावून "येस, येस" म्हणणारे काका मला आजही आठवतात. त्यांना "हो, प्रश्न ऐकला" असं म्हणायचं होतं.

जुनी अटक, देशाबाहेर काढण्याचा जुना आदेश, व्हिसाशिवाय केलेला प्रवेश, व्हिसाची मुदत संपून गेलेली असणं किंवा आधीच्या लग्नावर फेटाळला गेलेला अर्ज, यातलं काहीही असेल तर वकिलाला भेटल्याशिवाय मुलाखतीला जाऊ नका. वकील परवडत नसेल तर न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी असलेल्या ना-नफा संस्था आहेत, त्यांच्याकडे जा. 'इमिग्रेशन कन्सल्टंट' अशी पाटी लावलेला माणूस वकील असतोच असं नाही.

तिसरी पायरी: मुलाखतीचा दिवस

बरोबर न्यायचं ते असं: मुलाखतीचं पत्र, दोघांचे पासपोर्ट आणि फोटो असलेली ओळखपत्रं, अर्जाला जोडलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत, अर्ज केल्यानंतर जमलेले नवे पुरावे, आणि स्पॉन्सरच्या उत्पन्नाचे ताजे कागद. आय-८६४ वर, म्हणजे अर्जदाराची आर्थिक जबाबदारी घेण्याच्या फॉर्मवर, सही करणाऱ्या स्पॉन्सरचं उत्पन्न सहसा कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के लागतं, आणि अर्ज केल्यापासून नोकरी बदलली असेल तर त्याबद्दल विचारतात. नवे पुरावे अधिकाऱ्याला ठेवून घेता यावेत म्हणून झेरॉक्स वेगळी ठेवा. प्रत्येक भागाला चिठ्ठी लावा: घर, पैसा, विमा, प्रवास, फोटो. अधिकाऱ्याने लीज मागितलं की दहा सेकंदांत हातात देता यायला हवं.

इंग्रजी मोडकंतोडकं असेल तर दुभाषी न्या. यूएससीआयएसच्या ऑफिसात ग्रीन कार्डच्या मुलाखतीसाठी तो तुम्हालाच आणावा लागतो. मुलाखतीच्या वेळी त्याच्याकडून आणि तुमच्याकडून जी-१२५६ या फॉर्मवर सही घेतात. नवरा-बायकोने एकमेकांचं भाषांतर करणं अधिकारी सहसा मान्य करत नाहीत आणि ते बरंच आहे. दुभाषी असेल तर अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी असं उत्तर देऊ नका. दुभाष्याने आधीचा तुकडा सांगेपर्यंत तुम्ही पुढे गेलेला असता आणि मधला एखादा 'नाही' गळून पडतो.

आत गेल्यावर उभं राहून, उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते. मग ओळखपत्रं, मग अर्जाची उजळणी, मग लग्नाबद्दलचे प्रश्न. सरळ प्रकरण असेल तर अर्ध्या तासात उरकतं.

काय विचारतात आणि कसं बोलायचं

कसे भेटलात, लग्नाची गोष्ट कुणी काढली, लग्नाला कोण आलं होतं, आता घरात कोण कोण राहतं, सकाळी कोण आधी उठतं, भाडं कोण भरतं, गेल्या वाढदिवसाला काय केलंत, जोडीदाराचं काम काय, त्याच्या भावंडांची नावं काय. प्रश्नांच्या तयार याद्या मिळतात. त्या एकदा वाचा आणि ठेवून द्या. पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं: दोघं तीच वाक्यं, त्याच क्रमाने बोलतात.

माझ्या स्वतःच्या मुलाखतीत मला नवऱ्याचा पगार विचारला. मला तो नक्की माहीत नव्हता आणि 'माहीत नाही' म्हटलं तर वाईट दिसेल असं वाटून मी ठोकून एक आकडा सांगितला. तो बराच चुकला. पुढची दहा मिनिटं आम्ही पैशांबद्दल एकमेकांशी बोलतो का, यावर गेली. "नक्की आकडा माहीत नाही, घरखर्चाचा हिशेब तो पाहतो आणि मी माझ्या पगारातून भाडं देते," हे खरं उत्तर होतं आणि पुरेसं होतं. अंदाज असेल तर अंदाज म्हणा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. शपथेवर आहात, खरं लग्न असताना एखादं निष्कारण खोटं बोलून ते संशयात टाकणं, याहून वाईट काय.

ठरवून झालेल्या लग्नाबद्दल लोकांना फार धास्ती असते. एका मुलीला कुणीतरी सांगितलं होतं की अमेरिकनांना असं लग्न पटत नाही, तेव्हा "आम्ही दोन वर्षं डेट करत होतो" असं सांग. नशिबाने बाहेर बसलेलो असताना तिने ते मला बोलून दाखवलं. काय सांगायचं ते ठरवणं हे दुभाष्याचं काम नाही, म्हणून मी तिला लगेच वकिलाशी बोलायला लावलं. तिने खरं तेच सांगितलं: घरच्यांनी गाठ घालून दिली, तीनदा भेटलो, मग दोघांनी होकार दिला. अधिकाऱ्याने विचारलं, "नाही म्हणायची मुभा होती का?" ती म्हणाली, "आधीच्या दोघांना मीच नाही म्हटलं होतं." पुढचा प्रश्न वेगळ्याच विषयावर आला.

ठरवून झालेलं लग्न कायद्याच्या कसोटीला पूर्ण उतरतं. फक्त ते उलगडून सांगा. 'कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला' असं कुणी म्हटलं की मला भाषांतर करता येतं, पण अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. त्याऐवजी कुणाच्या घरी भेटलात, कोण कोण होतं, दोघंच किती वेळ बोललात, कशाबद्दल बोललात, दुसऱ्यांदा भेटायचं कुणी ठरवलं, ते सांगा.

आणखी काही गोष्टींवर प्रश्न ठरलेले असतात: वयातलं मोठं अंतर, वेगळा धर्म किंवा भाषा, घरच्यांपासून लपवलेलं लग्न, व्हिसाची मुदत संपता संपता झालेलं लग्न, नोकरीमुळे वेगळं राहणं. तुमच्याकडे यातलं काही असेल तर कारण आणि कागद आधी तयार ठेवा. वेगळं राहत असाल तर नोकरीचं पत्र, दर भेटीची तिकिटं, फोनच्या नोंदी, पुन्हा एकत्र कधी येणार याचा आराखडा. दोघं एकाच घरात राहतो असं खोटं दाखवायला जाऊ नका. एफडीएनएस या यूएससीआयएसच्या फसवणूक शोधणाऱ्या विभागाचे अधिकारी न सांगता घरी येऊन पाहू शकतात. त्यांचं ओळखपत्र मागण्याचा आणि वकिलाला फोन करण्याचा हक्क तुम्हाला आहे. वॉरंट नसेल तर त्यांना आत घ्यायचं की नाही हेही तुम्ही ठरवू शकता.

दोघांना वेगळं बसवलं तर

याला वकील 'स्टोक्स मुलाखत' म्हणतात. हे नाव न्यूयॉर्कमधल्या स्टोक्स खटल्यावरून पडलं. त्यात १९७६ साली कोर्टासमोर समझोता होऊन अशा मुलाखतीत जोडप्याचे हक्क काय, हे तिथल्या ऑफिसपुरतं ठरलं. दोघांना वेगवेगळ्या खोलीत तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं जुळवतात. हे दोन-तीन तासही चालू शकतं. वेगळं बसवलं म्हणजे अर्ज गेला असं समजू नका.

अशा वेळी प्रश्न घरात शिरतात. पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, बाथरूममध्ये टॉवेल कुठल्या रंगाचे, काल रात्री काय जेवलात. एका जोडप्याला विचारलं, काल रात्री दिवा कुणी बंद केला? नवरा म्हणाला, मी. बायको म्हणाली, कुणीच नाही, तो दिवा चालू ठेवूनच झोपला आणि पहाटे मी उठले तेव्हा बंद केला. उत्तरं जुळली नाहीत. दोघांना पुन्हा एकत्र बसवून अधिकाऱ्याने फरक दाखवला तेव्हा नवरा आधी वाद घालायला लागला, मग थांबला आणि म्हणाला, "झोपताना बंद करायचा असंच माझ्या मनात होतं." बायकोने तिथेच त्याच्याकडे जो कटाक्ष टाकला, त्याचं भाषांतर मला करावं लागलं नाही.

असे दोन-चार फरक खऱ्या घरात असतातच. अधिकाऱ्याने फरक दाखवला तर शांतपणे कारण द्या. जोडीदाराचं उत्तर कळल्यावर स्वतःचं उत्तर त्याला जुळेल असं फिरवू नका. प्रश्न नीट ऐका: 'काल' म्हणजे कालच, 'सहसा' म्हणजे सहसा.

वकील बरोबर असू शकतो. त्यासाठी तो तुमचा वकील आहे असं कळवणारा जी-२८ फॉर्म दाखल असावा लागतो. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. थकलात तर पाणी मागा. न वाचता कुठल्याही कागदावर सही करू नका. अर्ज मागे घेण्याचा कागद पुढे केला तर वकिलाशी बोलल्याशिवाय मुळीच नाही.

मुलाखतीनंतर

काहींना तिथेच मंजुरी कळते, बऱ्याच जणांना 'निर्णय पोस्टाने येईल' असं सांगतात. त्यातून वाईट अर्थ काढू नका. आणखी पुरावे मागणारं पत्र आलं, ज्याला आरएफई म्हणतात, तर उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस असतात. नकार देण्याचा विचार आहे असं सांगणारं एनओआयडी आलं तर जास्तीत जास्त ३०. पोस्टाने आलेल्या पत्रासाठी वर तीन दिवस धरतात. तुमच्या पत्रात छापलेली तारीख तीच खरी. उत्तर एकदाच द्यायचं असतं, तुकड्यातुकड्यांनी पाठवता येत नाही. एनओआयडी आलं असेल तर ते वकिलाकडूनच लिहून घ्या, त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला कागदानिशी उत्तर हवं.

एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. दुभाषी म्हणून बसताना मी असेही चेहरे पाहिले आहेत जे उत्तर देण्याआधी जोडीदाराकडे बघतात. घरात मारहाण, धमक्या, पासपोर्ट काढून घेणं, "माझ्याशिवाय तुझा अर्ज गेला" असं सतत ऐकवणं चालू असेल, तर तुम्ही त्या जोडीदारावर अवलंबून नाही. १९९४ च्या व्हीएडब्ल्यूए (व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन अ‍ॅक्ट) कायद्याखाली अमेरिकन नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ झालेल्या जोडीदाराला आय-३६० फॉर्मवर स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. जोडीदाराला ते कळवलं जात नाही. कायद्याच्या नावात स्त्रियांचा उल्लेख असला तरी पुरुषांनाही तो लागू आहे. नॅशनल डोमेस्टिक व्हायोलन्स हॉटलाइनचा नंबर १-८००-७९९-७२३३ आहे.

ग्रीन कार्ड मंजूर झालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं येतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, भरायचा असतो. तो राहिला तर दर्जा आपोआप जातो. मधल्या काळात घटस्फोट झाला तरी लग्न खऱ्या इराद्याने केलं होतं असं दाखवून एकट्याने हा अर्ज करता येतो. त्यातही पुन्हा हेच कागद मागतात, फक्त या दोन वर्षांतले. म्हणून कार्ड हातात आलं की त्यावरची शेवटची तारीख पाहा, तिथून ९० दिवस मागे मोजा, दोघांच्याही फोनमध्ये त्या दिवसाची आठवण लावा, आणि महिन्याचं पहिलं विजेचं बिल येईल ते जुन्याच फाइलमध्ये घाला.